हायरायडरच्या मागे 430 किलोचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, पण त्याला पसरणीचा घाट उतरायचा नसतो. हायब्रीड गाडीमागे छोटा कॅम्पिंग ट्रेलर लावायचा विचार असेल, तर पहिला प्रश्न 'गाडी ओढेल का' हा धरू नका. ओढते. उतारावर ती काय करते, रिव्हर्सला काय करते आणि ट्रेलरचं नाक किती जड आहे, हे तीन प्रश्न आधी सोडवा.

तपासलेली जोडी अशी. पुढे टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर, स्ट्राँग हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर विजेच्या मोटरवरही चालणारी. मागे भोसरी एमआयडीसीत बांधून मिळालेला दोन माणसांचा टिअरड्रॉप, म्हणजे थेंबाच्या आकाराचा ट्रेलर: एक अ‍ॅक्सल, ब्रेक नाहीत, झोपायची जागा पुढे, स्वयंपाकघर शेपटीला. मारुतीची हायब्रीड ग्रँड व्हिटारा यंत्राच्या बाबतीत हीच गाडी आहे, त्यामुळे गाडीबद्दलचं सगळं तिलाही लागू. ट्रेलर बनवणाऱ्याचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. असे ट्रेलर ऑर्डरप्रमाणे बनतात आणि एकाच शेडमधून निघालेले दोन ट्रेलर सारखे नसतात. काय तपासायचं ते कळलं की नावाची गरज उरत नाही.

सुरुवात गाडीच्या पुस्तिकेपासून. 'ट्रेलर टोइंग' हे पान उघडा आणि वाचा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या हायब्रीड गाड्यांच्या माहितीपत्रकात मायलेजचा आकडा ठळक छापतात, ओढक्षमतेचा नाही. पुस्तिकेत 'ट्रेलर ओढू नये' असं लिहिलेलं असेल तर ते वाक्य वॉरंटीच्या दाव्याच्या वेळी नेमकं समोर येतं. हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा गाडीमागचा सांगाडा, बसवणारा 'काही होत नाही साहेब' म्हणतो, पण त्याची सही वॉरंटी कार्डावर नसते. युरोपात टोयोटा असे आकडे देते, आणि ते शिकवून जातात. तिथल्या हायब्रीड रॅव्ह फोरला पुढच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारात 800 किलोची मर्यादा आहे, तर मागच्या अ‍ॅक्सलवर वेगळी मोटर असलेल्या प्रकारात 1,650 किलोची. दोन्हींत इंजिन तेच 2.5 लिटरचं. म्हणजे बोनेटखालच्या ताकदीवरून ओढक्षमता ठरवता येत नाही. पकड कोणत्या चाकांना आहे आणि काम किती मोटर्समध्ये वाटलं जातं, यानेही ती बदलते.

हायरायडरची ताकद 1.5 लिटरच्या तीन सिलिंडर इंजिनाची सुमारे 92 पीएस, मोटरची 80 पीएस, दोन्ही मिळून सुमारे 116 पीएस. बेरीज 172 का होत नाही, असं विचारणारे भेटतात. मोटरला वीज त्या छोट्या बॅटरीतून आणि इंजिनाने फिरवलेल्या जनरेटरमधूनच मिळते, म्हणून होत नाही. बॅटरीची क्षमता 0.76 युनिट. हा आकडा लक्षात ठेवा, घाटात लागणार आहे.

आता ट्रेलर. चॅसी चौकोनी पाइपची, पुढे ए-आकाराचा दांडा. दांडा चॅसीला जिथे मिळतो तिथलं वेल्डिंग सगळ्यात आधी बघा, कारण प्रत्येक गतिरोधकाचा झटका तिथे बसतो. इथे पाइप नुसता टोकाला टोक लावून जोडला होता, कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी नव्हती. सांगितल्यावर पट्ट्या लावून दिल्या, पण सांगावं लागलं. अ‍ॅक्सलला कमानपाटे आणि शॉकअप दोन्ही आहेत. नुसत्या पाट्यांवरचा हलका ट्रेलर खड्ड्यानंतर चेंडूसारखा उडत राहतो, म्हणून शॉकअपचे पैसे वाचवू नका. टायर 145/80 आर 12, म्हणजे अल्टोचं माप. लोड इंडेक्स 74 असेल तर एका टायरला 375 किलो, दोन मिळून 750. कागदावर भरपूर आहे. मापाचा खरा फायदा वेगळा: ताम्हिणीच्या पलीकडे माणगावात टायर फुटला तरी हा टायर मिळतो. स्टेपनी मात्र वेगळी घ्यावीच लागते, कारण हायरायडरची बसत नाही. जॅकही तपासा. गाडीचा जॅक ट्रेलरच्या अ‍ॅक्सलखाली धड बसत नसेल तर बाटली जॅक आणि एक फळी सोबत ठेवा. कोपऱ्यांवरचे टेकू ट्रेलर स्थिर ठेवण्यासाठी असतात, उचलण्यासाठी नाहीत. त्यांच्यावर ट्रेलर उचलला की ते वाकतात.

बेअरिंगवर दोन ओळी जास्त. हबचा नट चाक फिरवत घट्ट करायचा, मग सैल करून हाताने लागेल इतपतच बसवायचा, स्प्लिट पिन घालायची. शेडमध्ये बहुतेक वेळा पान्याने आवळून सोडून देतात. अशी बेअरिंग पहिल्या लांब प्रवासात तापते, ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं आणि पुढे तिचा भुगा होतो. पहिल्या 30 किलोमीटरला, मग 100 ला थांबून दोन्ही हबवर हात ठेवून बघा. कोमट ठीक. हात टेकवत नसेल तर नट जास्त आवळला आहे.

बनवणाऱ्याने सांगितलेलं वजन 320 किलो, काट्यावर निघालं 370. हा फरक सगळीकडेच असतो: प्लायवूड, अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा, दारं, बिजागऱ्या धरतात आणि रंग, सीलंट, वायरिंग, स्टेपनी विसरतात. वजन करायला हायवेवरच्या 60 टनी काट्यावर जाऊ नका, तो दहा-दहा किलोच्या उड्या मारतो. भंगारवाल्याचा किंवा मार्केट यार्डातला छोटा काटा बरा. गादी-पांघरुणं 15 किलो, पाण्याचा 20 लिटरचा जार, आणि शेगडी, भांडी व 5 किलोचा सिलिंडर मिळून 25. एकूण 430.

खरी गोम या 430 किलोंच्या वाटणीत आहे. हिचच्या गोळ्यावर ट्रेलरचं नाक किती दाबतं, ते वजन एकूण वजनाच्या साधारण 7 ते 10 टक्के हवं. इथे म्हणजे 30 ते 43 किलो. मोजायला बाथरूममधला वजनकाटा पुरतो. सपाट जमिनीवर, चाकांना ठोकळे लावून, कपलरखाली (गोळ्यावर बसणारी ट्रेलरची वाटी) गोळ्याच्या उंचीइतका लाकडाचा ओंडका काट्यावर उभा करा, जॉकी व्हील (दांड्याचं छोटं टेकूचं चाक) वर घ्या आणि आकडा वाचा. ओंडक्याचं वजन वजा करायला विसरू नका.

रिकाम्या ट्रेलरचं नाक 34 किलो निघालं, छान. पण टिअरड्रॉपचं स्वयंपाकघर शेपटीला असतं आणि माणूस जार, सिलिंडर, शेगडी सगळं तिथेच ठेवतो. अ‍ॅक्सलपासून गोळा 2.3 मीटरवर, स्वयंपाकघर अ‍ॅक्सलच्या मागे 1 मीटरवर. जारच्या 20 किलोंनी नाक जवळजवळ 9 किलोंनी हलकं होतं, बाकीच्या 25 किलोंनी आणखी 11 ने. उरले 14, म्हणजे फक्त 3 टक्के. असा ट्रेलर 60 च्या वेगापर्यंत गप्प राहतो. 75-80 ला शेजारून व्होल्वो गेली की शेपूट हलवायला लागतो आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. यावर उपाय फुकट आहे. जार आतमध्ये, अ‍ॅक्सलच्या पुढे 90 सेंटीमीटरवर, पट्ट्याने बांधून ठेवायचा. अ‍ॅक्सलवर बसवलेली ट्रेलरची 12 किलोची बॅटरी दांड्यावरच्या पेटीत हलवायची. एवढ्याने नाक 14 वरून 39 किलोवर येतं, 9 टक्के. एकही वस्तू घरी न ठेवता.

तरीही हेलकावा सुरू झालाच तर ब्रेक दाबू नका. गाडी दाबली जाते, ट्रेलर मागून ढकलतो आणि कात्रीसारखा मिटतो. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, त्याच्याशी झोंबू नका. वेग उतरला की तो आपोआप शांत होतो. वेग वाढवून हेलकावा 'खेचून काढायचा' सल्ला चहाच्या टपरीवर मिळतो, तो तिथेच सोडून या.

हे 39 किलो गाडीला कुठे लागतात तेही बघा. गोळा मागच्या अ‍ॅक्सलच्या सुमारे 95 सेंटीमीटर मागे, व्हीलबेस 2,600 मिमी. तरफेच्या हिशेबाने मागच्या चाकांवर 53 किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे 14 कमी होतात. 14 ऐकायला किरकोळ वाटतात, पण ओढणारी चाकं पुढचीच आहेत. ओल्या चढावर गाडी उभी करून पुन्हा निघताना पुढचं चाक घसरतं ते यामुळे. म्हणून हायरायडरची डिकी सामानाने भरू नका. ती हायब्रीडमध्ये तशीही लहानच आहे, बॅटरी तिच्या तळाशी बसते. जड सामान मागच्या सीटच्या पायांजवळ ठेवा. बॅटरीला थंड हवा देणारी जाळी कुठे आहे ते पुस्तिकेत बघून तिच्यावर पांघरुणं रचू नका. जाळी झाकली की बॅटरी तापते आणि गाडी तिच्याकडून काम कमी करून घेते, तेही नेमकं चढावर.

हिच बसवताना दोन गोष्टींवर अडून बसा. एक, तो बॉडीच्या लांब पट्ट्यांवर कंपनीच्याच भोकांत 8.8 ग्रेडच्या बोल्टने बसायला हवा. एम 12 बोल्टला साधारण 80 न्यूटन-मीटरचा टॉर्क, आणि 100 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासणी. बंपरमागच्या पत्र्याला वेल्डिंग केलेला हिच शोभेचा. गाडीला मागे येणारा टो-हुक बंद पडलेली गाडी ओढायला असतो, ट्रेलरला नाही. दोन, डिकीच्या तळाला ड्रिल लावू देऊ नका. केशरी आवरणाची वायर दिसली की हात मागे घ्यायचा. तिच्यात जिवावर बेतेल इतका दाब असतो.

गोळ्याचं माप हा ऑनलाइन खरेदीतला सापळा. प्रमाण माप 50 मिमी, अमेरिकी मापं 47.6 आणि 50.8. डोळ्यांना तिन्ही गोळे सारखेच दिसतात. 47.6 च्या गोळ्यावर 50 चा कपलर 'टक' करून बसतो, लॉकही होतो आणि एखाद्या खोल खड्ड्यात सुटतो. व्हर्नियर लावून मोजा. 50 चा गोळा झिजून 49 ला आला की बदलायचा. सेफ्टी चेन दोन हव्यात आणि त्या कपलरखाली एकमेकींना छेद देऊन लावायच्या, म्हणजे कपलर सुटला तर दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. या ट्रेलरबरोबर एकच चेन आली होती, तीही झोपाळ्याला लावावी तशी.

उंचीही जुळवा. हायरायडर जमिनीपासून उंच आहे, त्यामुळे सरळ बसवलेला गोळा 455 मिमीवर आला, तर ट्रेलर सपाट उभा राहतो तेव्हा कपलर 400 वर. नाक वर करून चालणाऱ्या ट्रेलरचं वजन मागे सरकतं, आणि वर केलेली सगळी मेहनत पाण्यात. खाली उतरणारी 50 मिमीची प्लेट मागून घ्या. त्याहून खाली नको, नाहीतर प्रत्येक गतिरोधकाला हिच घासतो. वारजे ते चांदणी चौक एवढ्यातच कळतं.

वायरिंगला 7 पिनांचा सॉकेट लावला होता, जोडणी अर्धी चुकलेली. बरोबर क्रम असा: 1 डावा इंडिकेटर, पिवळी, 2 मागचा फॉग, निळी, 3 अर्थ (अर्थिंग), पांढरी, 4 उजवा इंडिकेटर, हिरवी, 5 उजवा टेल, तपकिरी, 6 ब्रेक लाइट, लाल, 7 डावा टेल, काळी. इथे पांढरी वायर जोडलेलीच नव्हती, अर्थ कपलरच्या लोखंडातून येत होता. उभ्या गाडीत सगळे दिवे लागतात, चालताना गोळ्यावर ग्रीस आणि धक्के, की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो. असं काही दिसलं तर बल्ब बदलत बसू नका, आधी अर्थ बघा. गाडीच्या टेल लाइटच्या वायरी सोलून थेट जोडही घेऊ नका. या गाड्यांत दिव्यांवर कंट्रोल युनिटची नजर असते, जादा बल्बचा भार त्याला चूक वाटतो. बायपास रिले लावा: गाडीच्या दिव्याकडून फक्त इशारा घ्यायचा, वीज 12 व्होल्टच्या बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या वेगळ्या वायरने.

आता रस्ता. 80 च्या वेगाला हायवेवर खर्च वजनाचा नसतो, वाऱ्याचा असतो. वाऱ्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. 80 चे 100 केले की ती जवळजवळ दुप्पट होते. टिअरड्रॉपचा गोल माथा गाडीच्या आडोशाला राहतो, म्हणून तो चौकोनी ट्रेलरपेक्षा परवडतो, पण अंग 1.5 मीटर रुंद असल्याने वारा लागतोच. एक्सप्रेसवेवर गाड्यांना 100 ची परवानगी असली तरी या जोडीची जागा डावीकडे, 75-80 ला. पेट्रोलचा हिशेब करताना नेहमीच्या मायलेजातून एक तृतीयांश कापून धरा. कंपनीचा 27.97 चा आकडा या प्रवासात विसरायचा. 45 लिटरच्या टाकीवर 500 किलोमीटरला पंप शोधायला लागा.

पसरणीचा घाट परीक्षेला उत्तम. सुरूर फाट्यावरून वाई, वाईहून पाचगणी, साधारण दहा किलोमीटरमध्ये पावणेसहाशे मीटर चढ. चढताना तक्रारीला जागा नाही. ताशी 30 ला ट्रेलरसाठी जादा लागते ती अडीच किलोवॅटच्या आसपास, म्हणजे तीन-साडेतीन पीएस. आवाज मात्र नव्या माणसाला घाबरवतो. या गाडीत गिअर बदलत नाहीत, त्यामुळे इंजिन वरच्या आरपीएमला जातं आणि तिथेच घुमत राहतं. ते बिघडलेलं नाही, बॅटरी उतरल्यावर मोटरला लागणारी वीज तयार करतंय. त्रास होतो तो वळणावर एसटी अडकून रांग लागली की. अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी चढावर तोलून धरायची सवय क्लचवाल्या गाडीतून येते. हायब्रीडमध्ये तसं केलं की मोटर जागच्या जागी ताण घेते आणि तापते. ब्रेक दाबा, लांब थांबायचं असेल तर पार्किंग ब्रेक. समोर दोन गाड्यांइतकी जागा मोकळी झाली की एका दमात निघा, इंचाइंचाने सरकू नका.

उतार ही या जोडीची दुखरी बाजू. दोन माणसं आणि सामानासह गाडी सुमारे 1,500 किलो, ट्रेलर 430, एकूण 1,930. पावणेसहाशे मीटर उतरताना यातून जवळपास 3 युनिट ऊर्जा मोकळी होते. टायरचं घर्षण आणि वारा पाऊण युनिटाच्या आसपास खातात, सव्वादोन उरतात. बॅटरी 0.76 युनिटची, आणि गाडी ती तळापर्यंत उतरवत नाही की काठोकाठ भरत नाही. मधला अर्धा-अधिक पट्टाच वापरते. म्हणजे पाचगणी सोडल्यावर पहिल्या दोनेक किलोमीटरांतच बॅटरी तिच्या मर्यादेला पोहोचते. तोवर ब्रेक पेडल दाबलं की मोटर उलटी राबून गाडी धरत होती, ब्रेक पॅड थंड होते. बॅटरी भरली की तेच पेडल, तोच पाय, पण सगळा भार पॅडवर. शहरात हायब्रीडचे पॅड वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे ते तपासायची सवयच सुटलेली असते. आणि मागे बिनब्रेकचे 430 किलो ढकलत असतात.

म्हणून पाचगणीतून निघतानाच सिलेक्टर 'बी' वर टाका. बॅटरी भरल्यावर 'बी' मध्ये जादा वीज इंजिन नुसतं फिरवण्यात उडवली जाते, पेट्रोल न जाळता. आवाज वाढतो, तो हवाच आहे. वेग 30-35. त्याच्या वर गेला की एकदा ठामपणे दाबून 25 वर आणा आणि पाय काढा. पेडलवर पाय टेकवून ठेवू नका. पॅडचा जळका वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं, तर रुंद जागा बघून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पार्किंग ब्रेकऐवजी 'पी' मध्ये ठेवून चाकांना दगड लावा. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा धरतं आणि मग कमी तापमानाला उकळतं. पावसाळ्यानंतर ट्रेलर लावणार असाल तर ते आधी बदलून घ्या. डिस्प्लेवर बॅटरीच्या पट्ट्या दिसतात, घाटात सहप्रवाशाला तेवढंच काम द्या.

या एका कारणासाठी ट्रेलरला ब्रेक हवेत. ब्रिटनमध्ये बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा गाडीच्या वजनाच्या निम्मी, आणि कमाल 750 किलो. हायरायडरचं रिकामं वजन 1,300 च्या आसपास, म्हणजे 430 त्या नियमात बसतात. पण तो नियम सह्याद्री बघून केलेला नाही. अल्टो किंवा ओम्नीचे ड्रम असलेलं अ‍ॅक्सल आणि दाबाने लागणारा ओव्हररन कपलर बसवून मिळतो. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, कपलर आत सरकतो आणि त्याचेच ड्रम लागतात. रिव्हर्सला मात्र हाच कपलर दाबला जाऊन ब्रेक लागतात, म्हणून रिव्हर्स लॉकची खिट्टी आहे ना ते बघा.

कारण या गाडीचा रिव्हर्स आधीच दुबळा आहे. टोयोटाच्या या पद्धतीत रिव्हर्स गिअर नावाची वस्तूच नाही. मोटर उलटी फिरते, बस. इंजिन चालू असलं तर ते वीज पुरवतं, चाकांना मागे ढकलायला मदत करत नाही. घाट चढून बॅटरी उतरलेली, जागा पवना किंवा भाटघरच्या काठची मऊ माती, आणि ट्रेलर चढाकडे ढकलायचा: हे जमत नाही. चाक घसरतं, मग गाडी कुरकुरत थांबते. तळाकडे उतरत रिव्हर्स घ्यायचीही घाई नको, सकाळी दवाने ओल्या गवतावरून वर यायचं असतं. सपाट जागा निवडा, ट्रेलर सोडवा आणि जॉकी व्हीलवर हाताने फिरवा. 430 किलो सपाटीवर दोन माणसांना फिरवता येतात. सोसायटीच्या गेटातही हेच करा. आखूड ट्रेलर रिव्हर्सला पटकन मुडपतो. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलरची शेपूट जाते.

झोपायच्या भागाबद्दल थोडक्यात. गादी चांगली, आडवं झाल्यावर छताला डोकं लागत नाही, दोन्ही बाजूंना दारं आहेत. दारांचं रबर मात्र खालच्या कोपऱ्यात तोडून जोडलेलं, तिथून ताम्हिणीचा पाऊस आत येतो आणि उन्हाळ्यात धूळ. अखंड रबर लावून घ्या. पत्र्याचे सांधे सिलिकॉनने भरले होते. वर्षभरात ते सुटतं, ब्युटिल टेप टिकते. छताला झडप हवीच, नाहीतर दोन माणसांच्या श्वासाने पहाटे पत्र्यातून थेंब पडतात. आत शेगडी पेटवायची नाही, पाऊस असला तरी. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोकं हवीत, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. या ट्रेलरला भोकं वर होती.

वीज गाडीकडून घ्यायची तर चार्जिंग सॉकेटवर फ्रीज टांगू नका. डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर ट्रेलरची बॅटरी भरणारा) लावा आणि वायर जाड घ्या. 20 अँपिअरला जाऊन-येऊन 12 मीटर तांब्याच्या वायरीत 2.5 चौरस मिमीला 1.7 व्होल्ट गळतात, 10 ला 0.4. पहिल्या वायरीवर ट्रेलरची बॅटरी नीट भरत नाही आणि दोष बॅटरीला मिळतो.

भाव विचारण्याआधी कागद विचारा. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागेही लागतो. बनवणाऱ्याकडे मान्यतेचे कागद आणि फॉर्म 21 (विक्रीचा दाखला), 22 (वाहन रस्त्यायोग्य असल्याचा दाखला) आहेत का, ते अ‍ॅडव्हान्स देण्याआधी डोळ्यांनी बघा. 'पासिंगचं आपण बघून घेऊ' हे उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. विमा कंपनीकडून ट्रेलर लेखी चढवून घ्या. गाडीच्या विम्यात तो आपोआप येतो असं धरू नका.

जसा मिळाला तसा हा ट्रेलर पाचपैकी दोन. पट्ट्या, दुसरी चेन, अर्थ, दारांचं रबर, गॅसच्या कप्प्याची भोकं आणि ब्रेकचं अ‍ॅक्सल एवढं करून घेतलं की चार. कापलेला एक गुण स्वयंपाकघर शेपटीला ठेवण्याबद्दल. जोडीचं म्हणाल तर भिगवण, पानशेत, पवना अशा ठिकाणांसाठी हायरायडर पुरते. दर शनिवारी महाबळेश्वर किंवा कोकण करायचं असेल तर इनोव्हा हायक्रॉस हायब्रीड जास्त शोभते: 2 लिटरचं इंजिन, एकत्रित 186 पीएस, अंगाने जड असल्याने 430 किलो तिला कमी हलवतात. पुढचीच चाकं ओढतात, पुस्तिकेचं पान तिथेही आधी उघडायचं, आणि 'बी' तिथेही पाचगणीतच टाकायचा.